शांघायच्या आज्या

गेले दोन वीकांत काही लिहिणं झालं नाही, कारण मी शांघायला होतो. ऑफिसच्या कामाला नाही, चक्क फिरायला आणि तेही एकटाच. डिसेंबरच्या शेवटी क्लायंट नाताळाच्या सुटीवर असतो, त्यामुळे रजा मागितली तरी मॅनेजरच्या कपाळावर आठी पडत नाही. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली होती, व्हिसाही मिळाला. म्हटलं, जाऊन येऊ.

"एकटाच कशाला जातोयस? तेही चीनला? आणि खाणार काय तिथे?" आईचे तीन प्रश्न. तिसऱ्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो: व्हिनेगर आणि लाल मिरची घातलेल्या बटाट्याच्या काचऱ्या, आणि भात. मस्त लागतात.

आता मुद्द्यावर येतो. २००४ मध्ये, मी पहिलीत असताना, पंतप्रधान मनमोहन सिंग मुंबईत म्हणाले होते की या शहराचा असा कायापालट करू की लोक शांघायला विसरतील. तेव्हापासून 'मुंबईचं शांघाय' हा आपल्याकडे आधी स्वप्नाचा आणि मग विनोदाचा विषय झाला. स्वप्नातलं शांघाय म्हणजे काय, तर नदीकाठच्या त्या उंच इमारती. पहिल्या संध्याकाळी मीही तिथेच गेलो. हुआंगपू नदीच्या अलीकडे 'बंड' नावाचा जुना किनारा, पलीकडे पुडोंग. १९९४ मध्ये उभा राहिलेला ४६८ मीटरचा टीव्ही टॉवर, ६३२ मीटरचा शांघाय टॉवर, सगळं झगमगतंय. चाळीसेक फोटो काढले. अर्ध्या तासात कंटाळा आला, खोटं कशाला बोलू!

माझ्या पाठीमागे पीस हॉटेल होतं. ते १९२९ मध्ये व्हिक्टर सॅसूनने बांधलं. होय, आपल्या ससून डॉकवाल्यांच्याच घराण्यातला. मुंबईहून चीनला अफू आणि कापूस पाठवून या घराण्याने अमाप पैसा केला आणि दोन्ही शहरांत इमारती उभ्या केल्या. म्हणजे उंच इमारत बघून शहराबद्दल एवढंच कळतं, की इथे कधीतरी कुणाकडेतरी भरपूर पैसा होता. तिथे राहणाऱ्या माणसाचं कसं चाललंय ते कळत नाही.

ते कळलं दुसऱ्या दिवसापासून. एकटं फिरण्याचा फायदा असा की कुणासाठी थांबायचं नाही, वाटेल तिथे वळायचं. रोज पंधरा-वीस किलोमीटर चाललो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की आपण चालताना पायाखाली बघतच नाही आहोत! आपल्याकडे मान खाली घालूनच चालावं लागतं. फरशी हलते का, चेंबरचं झाकण आहे का, गाडी अंगावर येते का. तिथे फुटपाथ सपाट, सलग आणि मोकळा. आवाज न करता मागून येणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरी सोडल्या तर भीती कसली नाही (त्या मात्र कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत).

रविवारी पीपल्स पार्कमध्ये गेलो. तिथे शनिवार-रविवारी लग्नाचा बाजार भरतो. लग्नाळू मुलंमुली नसतातच, असतात त्यांचे आईवडील. जमिनीवर उघड्या छत्र्या, छत्रीवर कागद: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, घर. आपली वधूवर सूचक केंद्रंच, फक्त उघड्यावर. एका आजींनी मला थांबवलं आणि फोनवर भाषांतर करून वय विचारलं. २८. मग काम. सॉफ्टवेअर. मान डोलली. मग घर आहे का? मी टाइप केलं, 'आहे, पण बँकेचं.' आजी हसल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या :)

संध्याकाळी हॉटेलजवळच्या चौकात वेगळाच प्रकार. चाळीस-पन्नास बायका, बहुतेक साठीच्या पुढच्या, एक स्पीकर लावून रांगेत नाचत होत्या. गार वारा सुटलेला, अंगात जाड कोट, तरी तासभर चाललं. संपल्यावर कुणी मेट्रोकडे, कुणी बाजाराची पिशवी घेऊन चालत घरी.

मी त्या चौकात बसून होतो आणि मला आई आठवत होती.

दीड वर्षापूर्वी आई कॉलनीबाहेर एका उखडलेल्या फरशीवर पाय मुडपून पडली. मनगट मोडलं, ते दोन महिन्यांत सांधलं. पण संध्याकाळचं फिरणं सुटलं ते सुटलंच. भजनाच्या मैत्रिणींकडे जाणं बंद, मंडई बंद. भाजी आता ॲपवरून येते, दहा मिनिटांत. आम्ही त्याला सोय म्हणतो.

तर माझं म्हणणं असं, की शहर किती पुढे गेलं हे मजले मोजून ठरवू नये. संध्याकाळी सात वाजता रस्त्यावर किती आज्या दिसतात ते मोजावं. आजी बाहेर पडू शकते याचा अर्थ फुटपाथ धड आहे, सिग्नलला गाडी थांबते, दिवा लागतो, जवळ स्वच्छतागृह आहे, बसायला बाक आहे. एका आजीत सगळं शहर तपासून होतं.

आता यावर दोन आक्षेप मला माहीत आहेत. पहिला: तिथे आज्या जास्तच आहेत. बरोबर. शांघायच्या नोंदणीकृत रहिवाशांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक साठीच्या पुढचे आहेत आणि कामगार बायकांचं निवृत्तीचं वय २०२४ पर्यंत ५० होतं. पण आपल्याकडेही आज्या कमी नाहीत. त्या घरात आहेत, एवढंच.

दुसरा आक्षेप ऑफिसात जेवणाच्या टेबलावर हमखास येतो. "तिथे हुकूमशाही आहे रे, म्हणून जमतं." हुकूमशाहीची किंमत तिथे दिसते. मेट्रोत शिरताना रोज बॅगची तपासणी, जिकडेतिकडे कॅमेरे. २०२२ च्या वसंतात कोविडसाठी हेच शहर दोन महिने बंद होतं आणि याच आज्या दाराआड कोंडल्या गेल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मला ते शांघाय नको. पण फरशी नीट बसवायला हुकूमशहा कशाला लागतो? टोकियोत लोकशाही आहे आणि फुटपाथही आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं की धड फुटपाथ वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच, राज्यघटनेच्या कलम २१ चा भाग आहे. तिथल्या आजीला तक्रार करायची सोय कमी, पण फुटपाथ आहे. आपल्या आजीला हक्क आहे, पण त्यासाठी कुणी भांडत नाही. मीही नाही. आई पडली तेव्हा मी काय केलं? ॲप डाऊनलोड करून दिलं.

परत आल्यावर आईला त्या नाचाचा व्हिडिओ दाखवला. "यांचे गुडघे दुखत नाहीत का रे?" म्हणाली. मग पुन्हा लावायला सांगितला. या खेपेला तिचं लक्ष बायकांकडे नव्हतं.

"जागा किती सपाट आहे," ती म्हणाली.

काल आम्ही दोघं मंडईपर्यंत चालत गेलो, तिने माझा दंड धरलेला. घरापासून तिथपर्यंत सहा ठिकाणी फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागलं. सहाही जागांचे फोटो काढलेत. सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून वॉर्ड ऑफिसात जातोय. काय होतं ते पुढच्या वीकांताला सांगतो.