दळणाच्या रांगेंतील भुजंगप्रयात

सेवानिवृत्तीनंतर मनुष्य मोकळा होतो, ही समजूत ज्यानें प्रथम पसरविली तो बहुधा एकटाच राहत असावा. आमच्या भंडाऱ्याच्या घरांत ९ माणसें आहेत. पहाटेचें दूध, नातवांची शाळा, विजेचें बिल आणि आठवड्यांतून दोनदां गांवच्याच पितळेचा डबा घेऊन गिरणी, हीं सारीं कामें "तुम्ही मोकळेच आहांत" या एका वाक्याच्या आधारें आम्हांकडे आलीं. तक्रार नाहीं; उर्दू कविता आम्हांस भेटली ती या गिरणीच्या रांगेंतच.

रांगेंत आमच्या पुढें बहुधा एक वृद्ध गृहस्थ असतात. उर्दू शाळेंतून निवृत्त झालेले शिक्षक. दोन मास्तर एकत्र आले म्हणजे गाडी शब्दांवर यावयाचीच. एके दिवशीं 'तालीम' या शब्दावरून वाद झाला. आमची तालीम म्हणजे आखाडा. त्यांची तालीम म्हणजे विद्या. आम्ही 'शिकस्त' केली म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा झाली; त्यांची 'शिकस्त' म्हणजे पराभव. आम्ही राजीनामा देऊन नोकरी सोडतों. त्यांच्याकडे राजीनाम्यानें तंटा मिटतो. एका माहेरच्या दोन मुलींनीं आपापल्या सासरचें वळण घ्यावें, तसें हें झालें आहे.

येथें एक कबुली दिली पाहिजे. ३६ वर्षें आम्हीं मुलांच्या निबंधांतील फार्शी शब्दांखालीं तांबडी रेघ ओढली. आधाराला माधव जूलियनांचा १९३८ चा 'भाषाशुद्धि-विवेक' होता. परंतु त्याच कवीनें १९२५ सालीं फार्शी-मराठी कोश रचला आणि १९३३ सालीं 'गज्जलांजलि' देऊन मराठींत गझल रुजविली, हें वर्गांत सांगत असूनही त्याचा अर्थ आमच्या डोक्यांत शिरला नाहीं. त्यांनीं तें घर आंतून पाहून मग दार लावलें. आम्हीं न पाहतांच कडी घातली.

एकदां मास्तरसाहेबांनीं इक्बालच्या 'बाल-ए-जिब्रील' या १९३५ च्या संग्रहांतील एक गझल म्हणून दाखविली. आमचीं बोटें आपोआप गण मोजूं लागलीं. यमाता, यमाता, यमाता, यमाता. चार यगण; म्हणजे शुद्ध भुजंगप्रयात! ते म्हणाले, "आमच्याकडे याला मुतकारिब म्हणतात. फऊलुन् चार वेळां." फिर्दौसीचा अवाढव्य शाहनामाहि याच चालीचा, केवळ चरणान्तीचें एक अक्षर तोडलेला. मनाचे श्लोक ज्या वृत्तांत, त्याच वृत्तांत इराणचे राजे लढले! शेवटच्या शेरांत कवि आपलें नांव गुंफतो, तें तुकोबांच्या मुद्रिकेमुळें आम्हांस तत्काळ पटलें. एक गोष्ट मात्र संस्कृताच्या माणसास सोसत नाहीं: उर्दूंत दीर्घ अक्षर सोयीनुसार ऱ्हस्व म्हणतां येतें. त्यावर आम्ही अजून भांडतों.

घरीं नातवाच्या पाटीवर आम्ही अलिफ-बे गिरवूं लागलों. आजोबा उजवीकडून लिहितात म्हणून पोरें हंसलीं, आणि आमच्या सौ. म्हणाल्या, "धडा झाला असेल तर डबा रिकामा करून द्या."

मातोश्री नव्वदीच्या आहेत. दोन वर्षें त्या अंथरुणावर असून आम्हांस ओळखत नाहींत. रात्रीं ९ च्या औषधापासून ११ च्या औषधापर्यंत आम्ही उशाशीं बसतों. आमचा अभ्यास काय तो तेवढाच. गेल्या महिन्यांत ती गझल हळू आवाजांत घोकीत होतों. पाहतों तों मातोश्रींचीं बोटें पलंगाच्या कडेवर ताल धरीत होतीं. आम्ही थांबलों. कित्येक दिवस ज्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता, त्यांनीं पुढचा चरण म्हटला. तो इक्बालचा नव्हे, समर्थांचा होता; आणि एकहि अक्षर चुकलें नाहीं. सौ. हातांत औषधाची वाटी घेऊन दारांतच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशीं हें मास्तरसाहेबांस सांगितलें. ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग आपला डबा मागें सारून म्हणाले, "तुम्ही आधीं दळून घ्या. घरीं आई आहेत."

आतां स्वयंपाकघरांतील कामांच्या यादींत 'गिरणी'च्या खालीं सौ.च्या अक्षरांत 'रात्रीं गज्जल, ९ नंतर' असें एक काम वाढलें आहे. शब्दाखालीं आम्हीं रेघ ओढली नाहीं.