समुद्रातलं ‘महाकाय झुरळ’ खरंच झुरळ आहे का? नव्या प्रजातीची ओळख कशी ठरते?

चौदा पाय, पाठीवर एकावर एक बसवल्यासारख्या कवचाच्या पट्ट्या, लांब मिशा आणि हेल्मेट घातल्यासारखं डोकं. अशा प्राण्याचा फोटो तुमच्याही फोनवर कधी ना कधी आला असेल. वर ओळ ठरलेली असते: ‘समुद्रात सापडलं महाकाय झुरळ!’ आणि खाली प्रतिक्रियाही ठरलेल्याच: ‘याला मारायला चप्पल पुरणार नाही.’

यातले बरेच फोटो खरे असतात आणि प्राणीही खरा असतो. पण तो झुरळ नसतो.

गेल्या काही वर्षांत या प्राण्याच्या नव्या प्रजाती एकापाठोपाठ एक जगासमोर आल्या आहेत. २०२० मध्ये इंडोनेशियातून, २०२२ मध्ये मेक्सिकोजवळच्या समुद्रातून आणि २०२५ मध्ये व्हिएतनाममधून. व्हिएतनामच्या प्रजातीची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. शास्त्रज्ञांनी नाव देण्याआधीच ती बाजारात विकली जात होती.

नव्या प्राण्याला नाव कसं मिळतं, तो कुठल्या गटात बसतो हे कोण ठरवतं आणि या सगळ्याने फरक काय पडतो?

नेमकं काय सापडलं होतं?

मार्च-एप्रिल २०१८ मध्ये सिंगापूर आणि इंडोनेशियाच्या शास्त्रज्ञांनी जावा बेटाच्या दक्षिणेकडच्या खोल समुद्रात १४ दिवसांची मोहीम काढली. सिंगापूरचे प्राध्यापक पीटर एंग आणि इंडोनेशियाच्या प्राध्यापक द्वी लिस्त्यो राहायू या मोहिमेचे प्रमुख होते. ६३ ठिकाणी जाळी टाकून समुद्रतळावरचे नमुने गोळा करण्यात आले. हाती लागले १२ हजारांहून जास्त जीव, सुमारे ८०० प्रजातींचे.

त्यातच हा प्राणी होता. एक नर ३६.३ सेंटीमीटर लांबीचा आणि एक मादी २९.८ सेंटीमीटरची. शाळेतली फूटपट्टी ३० सेंटीमीटरची असते आणि आपल्या मोरीत दिसणारं मोठं तपकिरी झुरळ साधारण ४ सेंटीमीटरचं. यावरून आकाराचा अंदाज येईल. हे प्राणी ९५० ते १,२६० मीटर खोलीवर सापडले. तिथे सूर्यप्रकाश जवळजवळ पोहोचतच नाही.

मोहीम संपली २०१८ मध्ये, पण प्राण्याला नाव मिळालं ८ जुलै २०२० रोजी. त्या दिवशी कोनी सिडाबालोक, हेलन वाँग आणि पीटर एंग यांचा शोधनिबंध ‘झूकीज’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला. नाव ठेवलं बॅथिनोमस राक्सासा.

‘राक्सासा’ वाचून मराठी माणसाला जे आठवेल, ते बरोबरच आहे. इंडोनेशियाच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘महाकाय’ असा होतो आणि तो मूळ संस्कृत ‘राक्षस’ या शब्दावरूनच आला आहे. तिकडच्या सावल्यांच्या बाहुलीनाट्यात आजही रामायण रंगतं, त्यामुळे हा शब्द तिथे घरचाच आहे.

मग हे झुरळ का नाही?

सोपी कसोटी आहे: पाय मोजा.

झुरळ हा कीटक आहे. कीटकाला सहा पाय आणि मिशांची एकच जोडी असते. तो शरीराच्या बाजूंना असलेल्या बारीक छिद्रांतून हवा आत घेतो.

बॅथिनोमसला चालायचे चौदा पाय असतात आणि मिशांच्या दोन जोड्या. पाण्यातला प्राणवायू तो पोटाखालच्या पातळ, पानासारख्या अवयवांतून घेतो. मादीच्या पोटाखाली पिशवी असते आणि अंडी त्यातच वाढतात. पिशवीतून बाहेर आलेलं पिल्लू आईची छोटी प्रतिकृतीच असतं, फक्त पायांची शेवटची जोडी तेव्हा उगवलेली नसते. म्हणजे सुरुवात बारा पायांवर होते.

ही सगळी लक्षणं आयसोपॉड नावाच्या गटाची आहेत. हा गट कवचधारी प्राण्यांमध्ये, म्हणजे खेकडे, कोळंबी आणि शेवंड यांच्या मोठ्या कुटुंबात येतो. बॅथिनोमसचा एक नातेवाईक तुम्ही घरीही पाहिला असेल. ओल्या मातीवरची कुंडी उचलली की खाली राखाडी रंगाचे, अनेक पायांचे, चपटे किडे पळताना दिसतात. त्यातल्या काहींना हात लावला की ते अंगाची गोळी करतात. तेही आयसोपॉडच.

मग झुरळाशी काहीच नातं नाही का? आहे, पण फार लांबचं. डीएनएच्या अभ्यासातून असं दिसतं, की कीटकांचा उगम कवचधारी प्राण्यांच्याच जुन्या शाखेतून झाला. पण ती फारकत कोट्यवधी वर्षांपूर्वीची आहे. झुरळाचा जवळचा नातेवाईक हवा असेल, तर तो समुद्रात नाही, लाकडात सापडेल: वाळवी. दिसायला दोघांत साम्य नाही, पण आज शास्त्रज्ञ वाळवीला झुरळांच्याच गणात धरतात.

दिसणं आणि नातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात येतं. चपटं अंग, लांब मिशा आणि तपकिरी रंग हे वर्गीकरणाचे पुरावे नाहीत.

‘नवी प्रजाती’ म्हणजे नेमकं काय?

‘नवी’ म्हणजे नुकतीच जन्माला आलेली नव्हे. हे प्राणी समुद्राच्या तळाशी लाखो वर्षांपासून आहेत. ‘नवी’ याचा अर्थ एवढाच, की विज्ञानाच्या नोंदवहीत ती आतापर्यंत नव्हती.

या नोंदीचे नियम ठरलेले आहेत आणि ते जगभर सारखेच लागू होतात. मग तो खोल समुद्रातला आयसोपॉड असो, की जंगलातल्या पालापाचोळ्यात सापडलेलं खरंखुरं झुरळ.

पहिलं काम म्हणजे तुलना. हा प्राणी आधी कोणी वर्णन केलेला नाही ना, हे तपासायचं. बॅथिनोमस वंशातली पहिली प्रजाती मेक्सिकोच्या आखातातल्या नमुन्यावरून १८७९ मध्ये फ्रान्सच्या अल्फाँस मिल्न-एडवर्ड्स यांनी नोंदवली होती. तेव्हापासूनची सगळी वर्णनं वाचायची आणि जुने नमुने पाहायचे.

दुसरं, फरक दाखवायचा. तो ढोबळ असून चालत नाही. शेपटीच्या ढालीवर काटे किती आहेत, ते सरळ आहेत की वर वळलेले, डोक्याच्या पुढच्या भागाचा आकार कसा आहे, अशा गोष्टी भिंगाखाली मोजाव्या लागतात. झुरळांच्या बाबतीत तर अनेकदा नराच्या जननेंद्रियांची रचना पाहिल्याशिवाय प्रजाती सांगता येत नाही, कारण बाहेरून ती सारखीच दिसतात. हल्ली याच्या जोडीला डीएनएही तपासतात.

तिसरं, एक नमुना ‘साक्षीदार’ म्हणून निवडायचा. हे नाव या नमुन्याचं, असं जाहीर करून तो संग्रहालयात कायमचा जपून ठेवायचा. पुढे कधी वाद झालाच, तर निवाडा त्या नमुन्याकडे पाहून होतो.

आणि शेवटी, हे सगळं चित्रांसह प्रसिद्ध करायचं. तोपर्यंत प्राणी हातात असला तरी विज्ञानाच्या लेखी त्याला नाव नसतं. राक्सासाच्या मोहिमेत काही पिल्लंही मिळाली होती. पण लहान वयात ही लक्षणं पुरेशी स्पष्ट नसतात, म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांना कुठल्याही प्रजातीचं नाव देण्याचं टाळलं.

दुसऱ्याच्या नावाने जगलेला प्राणी

एवढी काटेकोर पद्धत कशाला, याचं उत्तर जपानच्या एका मत्स्यालयात सापडतं.

२०१७ मध्ये मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाजवळ ६०० ते ८०० मीटर खोलीवरून पकडलेला, सुमारे २६ सेंटीमीटरचा एक आयसोपॉड जपानमधल्या एनोशिमा मत्स्यालयात पोहोचला. सुरुवातीला तो १८७९ पासून माहीत असलेल्या प्रजातीचाच मानला गेला. शंका येण्याचं कारणही नव्हतं, दोघं एकाच भागातले आणि दिसायलाही सारखे.

पण बारकाईने पाहिल्यावर अंगाचं प्रमाण, रंग आणि मिशांची रचना जुळेना. डीएनएनेही तो वेगळा असल्याचं सांगितलं. २०२२ मध्ये त्याची बॅथिनोमस युकातानेन्सिस या नावाने स्वतंत्र नोंद झाली.

म्हणजे एका नावाखाली दोन वेगळे प्राणी मोजले जात होते. यातला एक उद्या कमी होऊ लागला असता, तरी ते कोणाच्या लक्षात आलं नसतं.

आधी ताटात, मग शोधनिबंधात

व्हिएतनाममध्ये नेमका हाच प्रश्न आहे.

तिथले मच्छीमार दक्षिण चीन समुद्रात जाळी टाकतात, तेव्हा इतर मासळीबरोबर हे आयसोपॉडही येत. स्थानिक भाषेत त्यांना ‘बो बिएन’ म्हणतात, म्हणजे समुद्री किडा. २०१७ पर्यंत त्यांना फारसा भाव नव्हता. मग माध्यमांमध्ये आणि सोशल मीडियावर त्यांची चर्चा सुरू झाली. चव शेवंडीसारखी, किंबहुना तिच्याहून सरस, असं लोक सांगू लागले. हॅनोई, हो ची मिन्ह सिटी आणि दानांगसारख्या शहरांत ते जिवंत विकले जाऊ लागले, ऑनलाइनही मिळू लागले. किडा म्हणून कमी भावात जाणारी गोष्ट महागडं पक्वान्न झाली.

२०२२ मध्ये हॅनोईच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी क्वी न्योन शहरातून असे काही आयसोपॉड विकत घेतले आणि त्यातले दोन अभ्यासासाठी सिंगापूरला पीटर एंग यांच्याकडे पाठवले. या समुद्रातली एक मोठी प्रजाती, बॅथिनोमस जेम्सी, आधीच माहीत होती. पण आलेल्या नमुन्यांत काहीतरी निराळं होतं.

जानेवारी २०२५ मध्ये ती स्वतंत्र प्रजाती म्हणून जाहीर झाली. ३२.५ सेंटीमीटरपर्यंत लांबी आणि एक किलोहून जास्त वजन. डोकं ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या डार्थ व्हेडरच्या शिरस्त्राणासारखं दिसतं, म्हणून नाव बॅथिनोमस व्हेडेराय.

नावामुळे बातमी जगभर गेली. पण बातमीतला गंभीर भाग मागेच राहिला: लोक पैसे मोजून एक असा प्राणी खात होते, ज्याची विज्ञानाला ओळखच नव्हती.

नाव मिळाल्याने काय बदलतं?

बाजारात ‘बो बिएन’ ही एकच वस्तू आहे. विकणाऱ्याला आणि खाणाऱ्याला त्यात किती प्रजाती आहेत, याने फरक पडत नाही. समुद्राला मात्र पडतो.

दोन प्रजाती एकाच टोपलीत जात असतील आणि त्यातली एक मुळातच थोड्या भागात राहणारी असेल, तर एकूण वजनाचे आकडे ठीक दिसत असतानाही ती संपू शकते. किती पकडायचं, कुठे थांबायचं, विणीच्या मादीला सोडायचं का, हे ठरवायचं तर आधी कोणाबद्दल बोलतोय ते माहीत हवं. नियमाच्या कागदावर ‘तो मोठा समुद्री किडा’ असं लिहून भागत नाही.

त्यातही खोल समुद्राचं गणित वेगळं असतं. तिथे थंडी असते आणि अन्न कमी. हे प्राणी तळाशी पडलेले मेलेले मासे, देवमाशांचे सांगाडे यांवर जगतात. म्हणजे तळाची साफसफाई तेच करतात. मिळेल तेव्हा पोटभर खायचं आणि मग दीर्घकाळ उपाशी राहायचं, अशी त्यांची रीत. जपानच्या टोबा मत्स्यालयातल्या एका आयसोपॉडने २ जानेवारी २००९ रोजी मासा खाल्ला आणि त्यानंतर काहीही न खाता तो फेब्रुवारी २०१४ पर्यंत जगला. पाच वर्षांहून जास्त काळाचा उपवास.

इतक्या संथ आयुष्याच्या प्राण्याची भरपाई कोळंबीच्या वेगाने होईल, अशी अपेक्षा करता येत नाही. कवचधारी प्राण्यांमध्ये त्याची अंडी आकाराने मोठी असतात, त्यामुळे एका मादीच्या पिशवीत ती हजारोंच्या संख्येने मावत नाहीत.

या वंशाच्या आतापर्यंत सुमारे वीस प्रजाती नोंदवल्या गेल्या आहेत आणि भारताभोवतीच्या खोल समुद्रातही बॅथिनोमस आढळतो.

‘झुरळ’ म्हटलं तर बिघडतं कुठे?

गंमत म्हणून म्हणायला हरकत नाही. पण शब्दाबरोबर भावना येते. झुरळ म्हटलं की आपल्या डोक्यात घाण, रोगराई आणि मारण्याचा स्प्रे एवढंच येतं. खरं तर हा झुरळांवरही अन्यायच आहे. त्यांच्या साडेचार हजारांहून जास्त प्रजातींपैकी माणसाच्या घराशी संबंध येतो तो जेमतेम तीसेक प्रजातींचा. बाकीची जंगलात, गुहांमध्ये, पाल्याखाली राहतात आणि कुजलेलं खाऊन मातीत परत मिसळवतात.

म्हणजे जंगलातलं झुरळ आणि समुद्रातला आयसोपॉड यांच्यात नातं लांबचं असलं, तरी काम एकच आहे: इतरांनी मागे ठेवलेलं आवरणं. आणि दोघांची अडचणही एकच, किळस वाटते म्हणून त्यांच्याकडे कोणी नीट पाहत नाही.

पुढच्या वेळी ‘समुद्रात सापडलं महाकाय झुरळ’ असा फोटो आला, तर फॉरवर्ड करण्याआधी पाय मोजून बघा. चौदा भरले, तर तो कोळंबीच्या घराण्यातला आहे.