शस्त्रपूजा आणि तेलाचा थेंब

एअरगन वापराने झिजते त्याहून अधिक ती दोन गोष्टींनी बिघडते : एक आपली उपेक्षा आणि दुसरी आपली माया. उपेक्षेने वस्तू बिघडते हे कोणालाही पटेल. मायेने बिघडते हे मात्र थोडे समजावून सांगावे लागेल.

नळी मोडून छर्रा भरायची आपली नेहमीची एअरगन आतून अगदी साधी असते. नळी खाली दाबली की पिस्टन मागे सरतो आणि जाड स्प्रिंग आवळली जाते. चाप ओढताच स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे झेपावतो, त्याच्यापुढची हवा क्षणार्धात दाबली जाते आणि ती छऱ्याला ४.५ मिलिमीटरच्या नळीतून बाहेर ढकलते. दारू नाही, ठिणगी नाही. पण हवा झटकन दाबली की तापते, हे आपण पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकतो. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालते. आता या जागी कोणी शिवणयंत्राचे तेल ओतले तर काय होईल? इंजिनात होते तेच! तेल पेट घेते, मोठा बार होतो, नळीच्या तोंडाशी धूर दिसतो आणि बंदूकवाला खूश होतो, ‘‘पाहा, तेल घातल्याबरोबर कसा जोर आला!’’ हा जोर उसना असतो. त्याचे व्याज पिस्टनच्या वॉशरला आणि स्प्रिंगला भरावे लागते. शिवाय प्रत्येक छर्रा निराळ्या वेगाने सुटतो, तेव्हा नेमाची आशाच नको.

म्हणून तेल घालणे हे पुण्यकर्म नव्हे. कोणते, कोठे आणि किती, हे कळले तरच ते उपयोगाचे. जुन्या बंदुकीतला कातडी वॉशर वाळला की आक्रसतो व हवा निसटते. त्याला अधूनमधून सिलिकॉन तेलाचे एक-दोन थेंब पुरतात. कृत्रिम वॉशरला तेवढेही क्वचितच लागते. उलट, हेच सिलिकॉन तेल स्प्रिंगसारख्या धातूवर धातू घासणाऱ्या जागी कुचकामी. तेथे ग्रीसचा पातळ हात हवा. बाहेरच्या पोलादाला हलक्या तेलाचे फडके पुरे. हाताच्या घामाने आणि आपल्या बेळगावच्या चार महिन्यांच्या पावसाने गंज धरतो तो तेथेच, आणि ओल धरून ठेवणाऱ्या बंद पिशवीत तर हमखास! नळीला तारेचा ब्रश लावू नये. शिसे मऊ असते, स्वच्छ कापडाचा तुकडा आरपार काढला की काम होते. स्प्रिंग ताणून बंदूक ठेवून देऊ नये, आणि छर्रा न भरता चाप ओढू नये. समोर अडलेल्या हवेची गादी नसली की पिस्टन धाडकन भिंतीवर आदळतो. आणि पुसायला घेण्यापूर्वी बंदूक रिकामी आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबू नये.

देखभालीपुढे मोठमोठी शस्त्रे हरली आहेत. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने गिरार्डोनी नावाच्या कारागिराची हवेची रायफल घेतली. धूर नाही, आवाज थोडा, आणि एकदा भरली की वीसएक गोळ्या झाडता येत; त्या काळी हा चमत्कारच होता. पण हवेची टाकी भरायला पंपाचे सुमारे दीड हजार झटके लागत, आणि तिचे कातडी वॉशर ओलसर राखावे लागत, नाहीतर हवा गळे. अशी निगा रणांगणावर राखणे जड गेले, आणि १८१५ पर्यंत ती रायफल सैन्यातून बाहेर पडली.

आता आपल्याकडे वळू. खंडेनवमीला आपण शस्त्रांना आणि अवजारांना हळदकुंकू वाहतो. आमचे कन्नड मित्र त्याच दिवशी आयुधपूजा करतात. या एका बाबतीत तरी दोन्ही भाषांत वाद नाही! परंतु उरलेले दिवस त्या वस्तूंकडे कोण पाहतो? महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांत पैसे नाहीत, ही सबब मला पटत नाही. फडके आणि तेलाची लहान बाटली यांना अनुदान लागत नाही. खरे कारण असे की, आपल्याकडे वापरणारा वेगळा आणि पुसणारा वेगळा. नेम धरणे ही प्रतिष्ठा, पुसणे हे शिपायाचे काम! आणि शिपायाला तरी कोणते तेल कोठे घालायचे हे कोणी शिकवले आहे?

खेळाचे नियम मात्र असा भेद मानत नाहीत. आजच्या स्पर्धेतील एअर रायफल दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालते. त्या सिलिंडरची मुदत उलटलेली नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनी नेमबाजावरच टाकली आहे. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळवले त्या प्रकारात दहा मीटरवरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तेथे हयगयीला जागाच नाही.

यात नुकसान कोणाचे होते, याचा विचार करावा. ज्याला स्वतःची रायफल घेता येते त्याचे काही बिघडत नाही. खेड्यातून आलेला, कॉलेजच्या बंदुकीवाचून दुसरी बंदूक न पाहिलेला मुलगा किंवा मुलगी मात्र गळक्या वॉशरच्या बंदुकीने दहा छर्रे मारते, ते दहा दिशांना जातात, आणि ‘आपला हातच वाईट’ असे समजून ती पुन्हा त्या खोलीकडे फिरकत नाही. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याने तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे दिले. त्यांचे यश ५० मीटरच्या, काडतुसांच्या रायफलीचे खरे. पण नवशिक्याची ओळख बहुधा छऱ्याच्या बंदुकीशीच होते, आणि तीच खोटी बोलू लागली तर पुढची वाट बंद.

माझी सूचना लहान आहे. प्रत्येक बंदुकीमागे एक वही ठेवावी : किती छर्रे मारले, केव्हा पुसली, तेल कोठे घातले. आणि ज्याने बंदूक चालवली त्यानेच ती पुसून परत ठेवावी, मग तो विद्यार्थी असो की प्राध्यापक. फडके हातात घ्यायला लाजणाऱ्याने चापावर बोट ठेवू नये.