भिंती उभ्या आहेत, आवाज परत आणा!

कोल्हापूरकर रसिकहो,

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. छत कोसळलं, रंगमंचाची राख झाली, खासबाग कुस्ती मैदानाकडची बाजूही होरपळली. उरल्या त्या दगडी भिंती.

या भिंतींच्या आत आता काय उभं राहणार, हे ठरवताना कोल्हापूरकरांना गृहीत धरू नका, असं ठणकावून सांगायला हे पत्रक काढलं आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली ही वास्तू पूर्ण करून घेतली, तेव्हा तिचं नाव पॅलेस थिएटर होतं. तिच्या पाठीला पाठ लावून खासबागेचं कुस्ती मैदान. एका अंगाला नाट्यपद, दुसऱ्या अंगाला शड्डू! नट आणि मल्ल दोघांनाही राजाश्रय देणाऱ्या राजाचा विचार या बांधणीत दिसतो. म्हणून नाट्यगृह आणि मैदान यांचा आराखडा वेगवेगळा करणं आम्हाला मान्य नाही.

आणि आवाज! हे थिएटर बांधलं तेव्हा रंगमंचावर माईक नव्हते. ऑर्गन-तबल्याच्या साथीवर गाणाऱ्या नटाची तान शेवटच्या रांगेतल्या माणसालाही स्वच्छ ऐकू जायला हवी, हीच कसोटी होती. लाकडी रंगमंच, त्याखालची पोकळी, छताची उंची, भिंतींमधलं अंतर या साऱ्यांचं गणित जमतं तेव्हा कुठे आवाज फिरतो. रंगमंचाखाली काँक्रीट भरलं, वर सवंग फॉल्स सीलिंग ठोकलं, की बाहेरून वास्तू तीच दिसेल आणि आतलं नाट्यगृह मेलेलं असेल. भाड्याचे स्पीकर लावून ते जिवंत होणार नाही.

अग्निसुरक्षेत मात्र जुनं काहीही नको. वायरिंग, पाण्याच्या फवाऱ्यांची यंत्रणा, संकटकाळी बाहेर पडायचे दरवाजे, सगळं आजच्या नियमांनुसारच हवं. वारशाच्या नावाखाली प्रेक्षकांचा जीव टांगणीला लावण्याचा हक्क कुणालाही नाही.

महापालिकेकडे आमचं मागणं सरळ आहे. नकाशे नाट्यगृहाच्या दारात लावा. आगीच्या चौकशीचा अहवाल लोकांसमोर ठेवा. रंगकर्मी आणि ध्वनितज्ज्ञांना निर्णयात बसवा. आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल निघण्यापूर्वी माईक बंद करून रंगमंचावरून एक नाट्यपद गाऊन घ्या. ते शेवटच्या रांगेत ऐकू आलं तरच काम पुरं झालं म्हणा.

रसिकहो, या मागण्यांचं पत्र आपापल्या सहीनं महापालिका आयुक्तांना आजच पाठवा!