इंग्रजीत ‘द’ का सुटतो? दोष मुलांचा नाही

माहुलच्या प्रकल्पग्रस्त वसाहतीतून कॉलेजात जाणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी इंग्रजी वाक्यात ‘द’ विसरला, की त्याला ‘कच्चा’ ठरवले जाते. खरे कारण भाषेत आहे. मराठीत ‘अ’, ‘द’सारखी आर्टिकल्स नाहीत. चिनी भाषेतही नाहीत, त्यामुळे चिनी विद्यार्थीही तिथेच अडखळतो. शब्दांचा क्रम मात्र चिनीत बराचसा इंग्रजीसारखा असतो. मराठी मुलाला तोही बदलावा लागतो: ‘मी चहा पितो’चे ‘आय ड्रिंक टी’ होते. ‘टेबलावर’मधला ‘वर’ नामानंतर येतो, ‘ऑन’ आधी.

हा फरक मराठीतूनच समजावायला हवा. तर्खडकर भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांना मराठीच्या आधारेच इंग्रजी शिकवले. कॉलेजांनी पहिल्याच वर्षी भाषाविज्ञानाचे चार तास ठेवावेत. चूक का होते हे कळले, की मुलाखतीतली भीती निम्मी होते.