शांतिसेनेतला ‘पॅरी साहेब’

स्वतंत्र भारतात लष्करी अधिकारी होण्याची एक वाट अल्पसेवेची, म्हणजे पदवीधराने ठरावीक वर्षांपुरते अधिकारी होण्याची. चीनच्या आक्रमणाने अधिकाऱ्यांची टंचाई उघडी पाडली, तेव्हा यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना १९६३ साली मद्रासला ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल निघाले आणि पुढे असे अधिकारी तेथे घडू लागले.

तेथे घडलेले असेच एक अधिकारी म्हणजे मेजर रामास्वामी परमेश्वरन. १३ सप्टेंबर १९४६ रोजी मुंबईत तमिळ कुटुंबात जन्मलेले आणि तेथेच विज्ञानाचे पदवीधर झालेले परमेश्वरन १९७१ मध्ये मद्रासच्या प्रशिक्षणशाळेत दाखल झाले व जून १९७२ मध्ये महार रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. ही रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली आणि तिच्यामागे डॉ. आंबेडकरांचा पाठपुरावा होता. जवानांच्या तोंडी परमेश्वरन यांचे नाव ‘पॅरी साहेब’ असे रुळले.

जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर श्रीलंकेत गेलेल्या भारतीय सैन्याला शांतिसेना म्हणत, पण काही महिन्यांतच तिला लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशी लढावे लागले. २५ नोव्हेंबरच्या रात्री जाफना भागात शोधमोहीम आटोपून परतणाऱ्या तुकडीवर दबा धरून बसलेल्या बंडखोरांनी हल्ला केला, तेव्हा परमेश्वरन यांनी वळसा घालून पाठीमागून त्यांना गाठले. हातघाईत एकाने त्यांच्या छातीत गोळी झाडली. त्यांनी त्याचीच रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि प्राण जाईपर्यंत ते हुकूम देत राहिले. पाच बंडखोर मारले गेले, तीन रायफली आणि दोन रॉकेट लाँचर हाती आले. परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. शांतिसेनेतले ते त्याचे एकमेव मानकरी.

ज्या युद्धाला धड युद्धही म्हटले गेले नाही, त्यातल्या मृतांचे स्मरण अवघडच असते. सुमारे बाराशे जवान व अधिकारी गमावून मार्च १९९० मध्ये सेना परतली, तेव्हा मद्रासच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. कोलंबोजवळ नावे कोरलेले स्मारक उभे राहायला दोन दशके लागली. महाराष्ट्रात २५ नोव्हेंबर हा यशवंतरावांच्या पुण्यतिथीचा दिवस आहे, आणि मेजर परमेश्वरन यांच्या मृत्यूचाही तोच दिवस.