ऑफ तासांची वही

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आधी परीक्षा, मग निकाल, मग शाळा सुरू, मग नेहमीचंच... असो. आत्याचा फोन आला होता, "काही लिहीत नाहीस हल्ली, बरी आहेस ना?" बरी आहे गं आत्या. हे घे.

विषय उपासाचा आहे. साबुदाणा वड्याची कृती शोधत कुणी इथे आलं असेल तर माफ करा, ती शेवटपर्यंत येणार नाही. :-)

आमची शाळा सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. अनुदानित, मराठी माध्यम, पाचवी ते दहावी. नाव घालत नाही आणि कुणाचंच नाव घेणार नाही, कारण वाचणारे निम्मे नातेवाईक आणि उरलेले ओळखीचे! तर आमच्या शिक्षक खोलीत एक वही असते, ऑफ तासांची. कुणी रजेवर असलं की त्याचे तास कुणी घ्यायचे ते पर्यवेक्षक सर तिच्यात लिहितात आणि शिपाईमामा ती घेऊन सही मागत फिरतात. मामा दारात दिसले की आम्ही सगळे एकदम वह्या तपासण्यात गढून जातो. दिवसातला एकुलता एक मोकळा तास त्या एका ओळीत जातो हो! त्या तासात टाचण काढायचं असतं, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे असतात, मतदार यादीचं काम उरावर असतं, कुणाच्या तरी आधार कार्डातली जन्मतारीख जुळत नसते.

मला लिहायचंय ते या वहीत कधीच न येणाऱ्या तासांबद्दल.

मी श्रावणी सोमवार करते आणि संकष्टी करते. सासरी आल्यापासून. श्रावणी सोमवारी आमची शाळा लवकर सुटते. माझ्या लहानपणीही सुटायची, त्यामुळे यात कुणी आपल्याला काही देतंय असं मला कधी वाटलंच नाही. सोमवार म्हणजे लवकर सुटणार, रविवारनंतर सोमवार येतो तितकं ते साहजिक. शिवाय त्या दिवशी खोलीत रताळ्याचा कीस, वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी, तीन प्रकारची साबुदाण्याची खिचडी... एकादशी अन् दुप्पट खाशी! (साबुदाणा ज्या कसाव्यापासून होतो ते झाड मुळात दक्षिण अमेरिकेतलं, असं इतिहासाचे सर दर श्रावणात न चुकता सांगतात. ऐकतं कोण?)

२०१० साली एक गंमत झाली. श्रावण लागला ११ ऑगस्टला आणि रोजे सुरू झाले १२ ला. महिने दोन्हीकडे चंद्राचेच. फक्त आपण मधे मधे अधिक महिना घालून ते ऋतूंशी जुळवून घेतो आणि त्यांच्यात तसं नाही, म्हणून रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या वर्षी दोघांची गाठ पडली ती थेट ११ सप्टेंबरपर्यंत. त्या दिवशी गणपतीही बसले आणि ईदही झाली.

आमचे गणिताचे सर सगळे रोजे धरतात. तेव्हाही धरायचे. सोमवारी शाळा लवकर सुटली की म्हणायचे, "महादेवाच्या कृपेने आमचाही आजचा रोजा सोपा झाला." आम्ही हसायचो. मी चार वर्षांची नवखी शिक्षिका, मला तो विनोद फार आवडायचा. बाकीच्या पाच दिवसांचं काय, हे डोक्यातही आलं नाही. उर्दू माध्यमाच्या शाळा रमजानमध्ये सकाळी भरतात. आमची पावणेअकरा ते पाच. पहाटे उठून खाल्लेलं, त्यानंतर पाण्याचा थेंब नाही, आणि दिवसाला सहा तास मोठ्या आवाजात गणित. उपाशी पोटी शिकवता येतं, मी शिकवते. कोरड्या घशाने साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणं ही वेगळीच गोष्ट आहे.

हे ओळखलं होतं आमच्या मराठीच्या बाईंनी. (त्या आता निवृत्त झाल्या.) सहाव्या तासापासून सरांचा आवाज बसतो हे त्यांनी शेजारच्या वर्गातून ऐकलं होतं. त्यांनी काही जाहीर केलं नाही की हेडसरांकडे अर्ज केला नाही. आपला दुसरा तास सरांना दिला आणि त्यांचा आठवा स्वतः घेतला, महिनाभर. हरतालिकेला बाईंचा उपास निर्जळी. त्या दिवशी त्यांचे दुपारचे दोन तास सरांनी घेतले, स्वतःच्या रोज्यात. ऑफ तासांच्या वहीत यातलं एक अक्षर नाही.

मला हे कळलं ते पुढे कितीतरी वर्षांनी, बाईंच्या निरोपसमारंभात सरांनी सांगितलं तेव्हा. एका खोलीत बसून, रोज एकमेकांचं लोणचं खाऊन मला हे माहीत नव्हतं! आम्ही दिवसभर बोलतो कामाबद्दलच, पण तक्रारीच्या सुरात. माझे पेपर, माझा वर्ग, माझी ऑनलाइन माहिती. दुसऱ्याचा दिवस नेमका कुठे अवघड होतो हे कळायला लागणारं ऐकणं आम्ही फारसं करत नाही. मी तर नाहीच.

नंतर माझ्याकडे शालेय पोषण आहार आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारचं जेवण शाळेत मिळतं, आणि मुलांना वाढण्याआधी ते शिक्षकाने चाखून बघायचं असतं. सोबत आणखी कुणी मोठं माणूस. चव बघायची, वहीत लिहायचं, सही करायची. काम दोन चमच्यांचं. पण सोमवारी मी चाखू शकत नाही. शनिवारी पीटीचे सर नाहीत. रमजानभर गणिताचे सर नाहीत. विज्ञानाच्या मॅडम जैन आहेत, भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहा दिवस त्यांचं एकाशन, म्हणजे दिवसातून एकदाच आणि एका बैठकीत जेवण. चमचाभर खिचडी तोंडात घातली की ते जेवण तिथेच संपलं. नवरात्रात तर निम्मी खोलीच बाद. या चवीच्या वहीने मला सगळ्यांचे उपास शिकवले. ज्ञान वगैरे नाही, निव्वळ गरज!

एकदा आषाढी पौर्णिमेला अशीच कुणी सापडेना. मग प्रयोगशाळेतल्या दादांना हाक मारली. परिचर म्हणून ते माझ्याही आधीपासून आहेत. "दादा, जरा चव बघता का?" ते घुटमळले. "मॅडम, आज नको. बारा वाजून गेले."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. ते बौद्ध आहेत. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. त्यातल्या पौर्णिमांना ते अष्टशील पाळतात, आणि त्यात दुपारी बारानंतर जेवायचं नसतं. आमची मधली सुट्टी दीडला. म्हणून ते त्या दिवशी साडेअकराला प्रयोगशाळेत, बरण्यांच्या कपाटामागे बसून पटकन डबा उरकतात. आणि "दादांना भूक लवकर लागते" हा आमच्या खोलीतला जुना, सर्वमान्य विनोद होता. मीही केलेला.

खोलीत येऊन हे सांगितलं तर एक जण म्हणाले, "मग सांगायचं ना त्यांनी. आपण काय नाही म्हटलं असतं?"

माझं भांडण आहे ते या वाक्याशी. म्हणून तर लिहायला बसले. मला माझ्या उपासाबद्दल काय सांगावं लागतं? "आज सोमवार." बस्स. दोन शब्द. पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं. गणिताच्या सरांना दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "म्हणजे पाणीसुद्धा नाही?", आणि ते दरवर्षी तितक्याच शांतपणे "नाही" म्हणतात. दादांना तर वर्षावास म्हणजे काय इथपासून सुरुवात करायची, आणि वर ऐकून घ्यायचं, "अच्छा, तुमच्यातही उपास असतो का?" हे वाक्य मी कुणाला कधी बोलले नसेन असं छातीठोकपणे म्हणवत नाही मला. शिवाय ते परिचर, आम्ही शिक्षक. आमच्या खोलीत ते बसत नाहीत. चहा दारातून घेतात. मग सांगणार कुठे उभे राहून?

आता दुसरी बाजू. आमचे इंग्रजीचे सर तिशीतले, देव-धर्म-उपास काही नाही. त्यांचं म्हणणं, "उपास तुम्ही करणार आणि तास आम्ही घ्यायचे? हौस तुमची, पिरियड आमचा?" खोलीत हे कुणाला आवडत नाही. पण खरं सांगू? त्यांचं बरोबर आहे. वर्षभर खिचडीची चव तेच बघतात, कारण सदासर्वदा उपलब्ध माणूस एकच! उपास न करणारा हा फुकटचा राखीव गडी नव्हे, हे त्यांनीच आम्हाला ऐकवायला हवं होतं आणि त्यांनी ऐकवलं.

आणि गंमत म्हणजे प्रसंगाला तेच उभे राहिले. २०२५ ची दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च अशी होती आणि रोजे २ मार्चला सुरू झाले. पेपर अकरा ते दोन, वर दहा मिनिटं जादा. एका वर्गात पंचवीस मुलं आणि पर्यवेक्षकाने बसायचं नाही. आमच्यातल्या काहींची नेमणूक बाहेरगावच्या केंद्रावर होती, त्यात गणिताचे सर आणि हे इंग्रजीचे. सोलापूरकडचा मार्च म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायला नको. परतीच्या एसटीसाठी तासभर उन्हात उभं राहावं लागू नये म्हणून हे हौसेच्या विरोधातले सर रोज त्यांना मोटारसायकलवरून नेत-आणत होते. एकदाही बोलून दाखवलं नाही.

एके दिवशी पेपर संपल्यावर गट्ठा मोजताना सरांना घेरी आली. सरांना साखरेचा त्रास आहे, हे आम्हाला माहीत होतं. आम्ही चौघं-पाच जण होतो तिथे. कुणी वारा घातला, कुणी खुर्ची दिली. "पाणी प्या" असं कुणी म्हणेना. त्यांच्या धर्मातली गोष्ट, आपण कसं म्हणायचं? इंग्रजीच्या सरांनी बाटली उघडून पुढे धरली. "सर, आजारी माणसाला सूट आहे तुमच्यातच. नंतर भरून काढता येतो रोजा, तुम्हीच मला सांगितलंय गाडीवर. प्या." सरांनी दोन मिनिटं डोळे मिटले आणि प्यायले. संध्याकाळी डॉक्टरकडेही नेलं त्यांनीच.

आमचा तो आदर नव्हता, भित्रेपणा होता. आणि जो माणूस पंधरा दिवस मोटारसायकलवर त्यांचं बोलणं ऐकत होता, त्यालाच काय म्हणायचं ते ठाऊक होतं. तेव्हापासून मला फराळाच्या डब्यांचं कौतुक जरा कमी झालंय. इफ्तारला खजूर नेऊन दिले, त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, हे चांगलंच आहे. मीही नेते खजूर. पण माझं मत विचाराल तर साथ म्हणजे आठवा तास उचलणं, आणि वेळ आली तर उपास मोड म्हणायची हिंमत असणं. त्यासाठी हेडसरांनी परिपत्रक काढावं असंही एक जण सुचवत होते. नको हो! मग ज्याला त्याला आपला देव कागदावर लिहून द्यावा लागेल. "आज माझा शेवटचा तास घ्याल का?" एवढंच विचारता यावं आणि "का?" असं कुणी म्हणू नये. वडिलांच्या डायलिसिसच्या दिवशी इंग्रजीचे सर लवकर जायचे, तेव्हा आम्ही कुठे कारण लिहून मागितलं होतं?

सगळं सुटलेलं नाही. खिचडी करणाऱ्या ताई मार्गशीर्षातले गुरुवार करतात. चार गुरुवार त्या उपाशी पोटी दोनशे मुलांच्या पातेल्यात डाव फिरवतात, आणि त्यांच्या जागी उभं राहायला आमच्यापैकी कुणी आजवर पुढे झालेलं नाही. मीही नाही. तास उचलणं त्यामानाने सोपं.

पौर्णिमेचं मात्र एक झालं. वर्षावासातल्या पौर्णिमांना साडेअकराच्या तासाला प्रयोग ठेवायचे नाहीत असं विज्ञानाच्या मॅडमनी ठरवलंय, म्हणजे दादांना निवांत जेवता येतं. खोलीत या म्हटलं तर येत नाहीत अजून. तर परवा माझा तो तास मोकळा होता, मीच गेले डबा घेऊन प्रयोगशाळेत. वही घेऊन फिरणाऱ्या मामांपासूनही सुटका, खोटं कशाला बोलू. दादांनी स्टूल पुसून दिलं. ज्वारीची भाकरी आणि शेपूची भाजी होती त्यांच्याकडे. निम्मी मला वाढली. जेवताना त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. म्हणाले, "मॅडम, येत्या शुक्रवारी तुमची संकष्टी. खिचडीला माझं नाव घाला."